साडेपाच फूट

चौथ्या फुटावर जमीन पांढरी झाली.
बकेटचे दात तिच्यावर घासले, तेव्हाचा आवाज
स्वयंपाकघरात माझ्या कॉफीपर्यंत आला.

इथे टूसॉनमध्ये तिला कलीची म्हणतात.
चुन्याने हजारो वर्षं बसून
जमिनीखाली घातलेली दुसरी जमीन.
हकबी म्हणाला, "बाई, ही आधी कुणालाच दिसत नसते."
दिसत नसते, पण करारात होती:
पान नऊ, कलम चौदा,
मुंगी शाईतून चालत गेल्यासारख्या अक्षरांत,
खडक लागल्यास जादा.

जादा म्हणजे किती, ते शुक्रवारी आलं,
दाराच्या फटीत, गुलाबी कागदावर.
ब्रेकरचे तास सव्वीस. मातीचे ट्रक नऊ.
आणि एक ओळ नुसतीच, "इतर".
आठ हजार सातशे चाळीस डॉलर.

लाइल म्हणाला, देऊन टाक, आर्डिथ,
खड्डा उघडा ठेवून भांडता येत नाही.
खरं होतं. खड्डा हाच त्यांचा वकील,
रोज सकाळी अंगणात तोंड वासून
त्यांची बाजू मांडायचा.

पण मी सत्तावीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेत.
कुत्री, कोळी, निवडुंगाचे काटे,
"आम्ही तर महिनाभर घरीच नव्हतो" म्हणणारे लोक.
मीटर कुणाच्या बाजूचा नसतो, एवढं मला कळतं.
खोदयंत्रालाही एक असतो,
सीटच्या डावीकडे, काचेआड, अंगठ्याएवढा.
पहिल्या दिवसापासून मी तो टिपत होते,
भांडणासाठी नव्हे, सवयीने,
जिना चढताना काही जण पायऱ्या मोजतात तसं.

युसेबियो, मशीन चालवणारा,
नेमकी तिथेच टोपी अडकवायचा.
मला येताना पाहिलं की टोपी काढून घ्यायचा,
कपाळ पुसायचा
आणि दुसरीकडे बघायचा.
याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सोमवारी हकबी आला. मी ओट्यावर वही ठेवली.
तास चौदा, वर चार दशांश.
ट्रक पाच, आणि पाचव्यात अर्धी माती,
अर्धं शेजाऱ्याचं मोडकं कुंपण.
"इतर म्हणजे काय?"
तो बराच वेळ फ्रिजवरच्या मॅग्नेटकडे बघत राहिला.
मॅग्नेट केळ्याचा होता. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, आता माझ्या सहीशिवाय फावडंही नको.
आणि आठ फूट नको.
जिथवर गेलात तिथेच थांबा.
साडेपाच.
चार हजार शंभर.
त्याने पेनाचं टोपण दातांनी काढलं.
त्याला तोटा झाला असेल. नसेलही.
लाइल नंतर हसला, म्हणाला,
चार आण्याची कोंबडी,
मसाला निदान सहा आण्यांत तरी भागला.

मंगळवारी मशीनवर दुसराच पोरगा.
युसेबियो?
"दुसऱ्या साइटवर," तो म्हणाला, हेडफोन न काढता.
मीटरवर टोपी नव्हती.
काच उन्हात चकाकत होती, लांबूनही वाचता आली असती.
त्या दिवशी मी आकडा टिपला नाही.
हकबीला फोन केला, दोनदा.
चौकशीच केली, अजून काय करणार?
तो म्हणाला, माणसं येतात-जातात.

ऑगस्टमध्ये पाणी भरलं.
लाइल नव्या खुब्यासकट खोल टोकाला उभा राहतो,
पाणी हनुवटीला, तळ टाचांना.
सूर मारता येत नाही. मारणार कोण होतं?
कलीचीचे दोन तुकडे मी मागच्या दाराला लावलेत.
वारा आला तरी ते हलत नाहीत,
बाकी घरातलं सगळं हलतं.

काल पाण्याचं बिल आलं, दुपटीहून जास्त.
मीटर वाचायला हल्ली एक नवी मुलगी येते,
पिवळं जाकीट, बूट अजून कोरे.
मी झाकणावरची कुंडी आधीच उचलून ठेवते,
कपाळ पुसते
आणि दुसरीकडे बघते.